फेंडरच्या जुन्या अकूस्टिक गिटारी (किंगमन, मलिबू, वाइल्डवुड): कुणी वाजवल्यात का?

सहावी_तार

फेंडर म्हटलं की टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारी. बेसवाल्यांना प्रिसिजन आठवेल. आज कुठल्याही दुकानात फेंडरचं नाव असलेली स्वस्त अकूस्टिक (विजेविना वाजणारी) मिळते, पण हा धागा तिच्यासाठी नाही. साधारण १९६४ ते १९७१ या काळात फेंडरनं कॅलिफोर्नियात स्वतः बनवलेल्या दुर्मिळ अकूस्टिक गिटारींबद्दल बोलू या.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लोकसंगीताला भयंकर मागणी आली होती आणि कॉलेजातली पोरं अकूस्टिक मागत होती. हा सगळा धंदा मार्टिन आणि गिब्सनकडे जात होता. कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. इलेक्ट्रिक गिटारमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नसलं तरी पोकळ पेटीची गिटार बनवायचं तंत्र त्याच्या कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून १९६२ मध्ये त्यानं रिकनबॅकर या गिटार कंपनीतून रॉजर रोसमाइझल या जर्मन कारागिराला आणलं. पहिल्या फळीत किंग आणि कॉन्सर्ट आल्या. १९६६ मध्ये किंगचं किंगमन झालं. शेनान्डोआ आणि व्हिलेजर या बारा तारांच्या, मलिबू आणि न्यूपोर्टर अंगानं लहान, पॅलोमिनो आणि रेडोंडो शेवटी शेवटी आल्या.

आता गंमत बघा. पेटी नेहमीसारखी, वर स्प्रूस लाकडाचा टॉप (पुढची फळी). पण नेक (तारा जिच्यावर दाबतात तो लांब भाग) थेट इलेक्ट्रिकची! सहाही खुंट्या एकाच बाजूला, हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) स्ट्रॅटसारखा, आणि पेटीच्या मागे हीलपाशी (नेक पेटीला जुळते तिथे) स्टीलची चौकोनी पाटी नि तिच्यात चार स्क्रू. साउंडहोलमधून (पेटीच्या गोल भोकातून) आत डोकावलं की चंदेरी ॲल्युमिनियमची नळी दिसते, नेकच्या ठोकळ्यापासून थेट मागच्या टोकापर्यंत. अमेरिकेतले लोक तिला झाडूचा दांडाच म्हणतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो: आवाजात या मार्टिनच्या पासंगालाही पुरत नाहीत, पण यंत्र म्हणून फार हुशार आहेत. ज्यांनी वाजवल्यात त्यांनी लिहा.

मंद्रसप्तक

सान होजेला एका मित्राकडे किंगमन आहे, १९६७ च्या आसपासची. बऱ्याचदा वाजवली आहे.

पहिल्यांदा हातात घेतल्यावर वजन जाणवतं. त्याच आकाराच्या चांगल्या ड्रेडनॉटपेक्षा (म्हणजे मोठ्या पेटीच्या नेहमीच्या अकूस्टिकपेक्षा) ही ठळकपणे जड. नंतर डावा हात खूश होतो, कारण नेक बारीक. स्ट्रॅटवर वाढलेल्या माणसाला पाचव्या-सातव्या फ्रेटवरचे बार कॉर्ड इथे काही वेगळे वाटत नाहीत. उजव्या हाताचा मात्र विरस होतो. ई मेजर जोरात वाजवला की मधले स्वर पुढे येतात, खालचा घुमारा येतच नाही, आणि आवाज लवकर विझतो. बोटांनी नाजूक वाजवायला गेलात तर गिटार झोपल्यासारखी वाटते.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच मित्रानं एका गाण्यात ती नुसती ठेका धरायला वापरली, मागे ड्रम आणि बेस. तिथे ती चपखल बसली. ज्या घुमाऱ्यासाठी आपण मार्टिनवर जीव टाकतो, तो मिक्समध्ये बेसच्या पायात येतो आणि इंजिनिअर काय करतो, तर कापून टाकतो. हिच्यात कापायला काही नाहीच.

खोडरबर

म्हणजे आवाज नाही हाच गुण 😄

दांडा कशाला घातला ते कुणी सांगेल का? तारा तुटल्यावर मारामारीला?

लाकूडतोड्या

@खोडरबर, दांड्यामागे विचार आहे. मी कोल्हापुरात छंद म्हणून गिटारी बांधतो-दुरुस्त करतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

सहा स्टीलच्या तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोच्या घरात जातो. बारा तारांच्या गिटारीवर १०० च्या वर. हा ताण सतत, रात्रंदिवस, नेकला पुढे ओढतो आणि पेटीला साउंडहोलपाशी घडी घालायला बघतो. पन्नास वर्षांत पेटी थोडी थोडी हार मानते, नेक पुढे कलते, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात. सगळ्या जुन्या अकूस्टिकचा हा आजार आहे, कुणाचीही असो.

पारंपरिक उपाय म्हणजे आतली ब्रेसिंग, टॉपखालच्या आधारपट्ट्या. पण ब्रेसिंग जाड केली की टॉप हलत नाही, आणि टॉप हलला नाही की आवाज नाही. रोसमाइझलनं काय केलं, नेकच्या ठोकळ्याला पाठीमागच्या ठोकळ्याचा आधार दिला. ताण नळीतून जाऊ दे, टॉपला मोकळं सोडा. कागदावर अगदी बरोबर आहे.

गोची इथे आहे: नळी फक्त नेकचा ठोकळा धरते. तारा ब्रिजला, म्हणजे टॉपवर त्या जिथे अडकवतात त्या पट्टीला, जो पीळ देतात (ब्रिजची मागची बाजू उचलायची, पुढची दाबायची) त्याच्याशी नळीचा काडीचा संबंध नाही. तो पीळ टॉपलाच सोसावा लागतो. म्हणजे टॉप फार हलका करायची सोय नाही ती नाहीच, आणि वर नळीचं वजन, चार स्क्रूंना धरून ठेवायला मोठा ठोकळा, त्याचं वजन. मंद्रसप्तक यांनी सांगितलेला विझणारा आवाज मला तरी इथूनच आलेला दिसतो.

स्क्रूच्या नेकबद्दल मात्र मी लिओच्या बाजूनं. मार्टिनची नेक खाच करून सरसानं चिकटवलेली असते. कोन बिघडला की सांध्यात वाफ सोडायची, नेक सुटेपर्यंत देव पाण्यात ठेवायचे, मग खाच तासून पुन्हा चिकटवायची. अमेरिकेत या कामाला शेकड्यांनी डॉलर पडतात. फेंडरची नेक? तारा सैल करा, चार स्क्रू काढा, सांध्यात लाकडाची पातळ चकती सरकवा, आवळा. चहा गार व्हायच्या आत काम.

सहावी_तार

लाकूडतोड्या, मला नेमकं हेच म्हणायचं होतं. त्या काळी लोकांनी नाकं मुरडली, की स्क्रूनं जोडलेली नेक म्हणजे स्वस्तातला माल. पुढे टेलरनं बोल्टनं जोडलेल्या नेकच्या अकूस्टिक बनवल्या, १९९९ मध्ये तर कोन ठरवायला मोजून कापलेल्या चकत्या असलेला नवा सांधा आणला, आणि आज त्यांच्या गिटारी कुणी स्वस्त समजत नाही. फरक एवढाच की टेलरचे बोल्ट बाहेरून दिसत नाहीत. फेंडरनं पाटी अगदी तोंडावर ठेवली.

पेठकर

धागा वाचून राहवलं नाही.

१) 'दुर्मिळ' हा शब्द जरा जपून वापरा. या गिटारी फेंडरनं जवळपास सात-आठ वर्षं कॅटलॉगात ठेवून विकल्या. आज अमेरिकेत शोधल्या तर सापडतात, आणि त्याच वर्षाच्या स्ट्रॅटच्या तुलनेत किरकोळ भावात. भारतात दिसत नाहीत म्हणून त्या दुर्मिळ होत नाहीत. भारतात स्नोमोबाइलही दिसत नाही.

२) इलेक्ट्रिकवाल्या कंपनीची खरोखर दुर्मिळ अकूस्टिक बघायची तर रिकनबॅकर बघा. पन्नाशीच्या दशकात थोड्या निघाल्या, गायक रिकी नेल्सनच्या हातात दिसायची. मग दीर्घकाळ जवळजवळ काही नाही. १९९६ पासून सांता ॲनाच्या कारखान्यात पुन्हा सुरू केल्या, चार प्रकार, प्रत्येकात सहा आणि बारा तारा. २००६ मध्ये तो विभाग बंद पडला तोपर्यंत ५०० सुद्धा झाल्या नसाव्यात असा अंदाज आहे. नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या पॉल विल्चिन्स्की या एकट्या कारागिराला नाव वापरायचा परवाना दिला, तोही २०१३ मध्ये संपला. याला म्हणतात दुर्मिळ.

३) ग्रेच रँचर विसरू नका. १९५४ ची, नारिंगी, त्रिकोणी साउंडहोल. ती बघितल्यावर फेंडर फारच सोज्वळ वाटते.

आणि त्या नळीचं कौतुक पुरे. जो माल वाजत नाही त्याची हुशारी काय लोणच्यात घालायची आहे?

मंद्रसप्तक

पेठकर, दुर्मिळतेचा मुद्दा मान्य. पण रिकनबॅकरच्या त्या अकूस्टिक म्हणजे चांगल्या, रीतसर अकूस्टिक, कुणीही बांधाव्यात तशा. फेंडरच्या अकूस्टिक फेंडरखेरीज कुणी बांधल्याच नसत्या. मला दुसऱ्या प्रकारात जास्त रस आहे.

बर्लिनवाला

कारागिराबद्दल थोडं लिहितो, कारण रिकनबॅकर आणि फेंडर या दोन्ही गोष्टी त्याच्याच पाशी येऊन मिळतात.

रॉजर रोसमाइझलचा जन्म १९२७ चा. वडील वेन्झेल रोसमाइझल जॅझ गिटारी बनवायचे आणि त्या गिटारींना त्यांनी पोराचंच नाव दिलं होतं, 'रॉजर'. टॉपच्या कडेनं आतल्या बाजूला एक खोलगट पन्हळ कोरायची ही या घराण्याची खूण. जगभर गिटारवाले तिला जर्मन कोरीव म्हणून ओळखतात. रॉजर मिटेनवाल्डला शिकला, जिथे व्हायोलिन बनवणाऱ्यांची शेकडो वर्षांची परंपरा आहे. पन्नाशीच्या सुरुवातीला अमेरिकेत गेला. गिब्सनमध्ये थोडे दिवस टिकला. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात रिकनबॅकरकडे आला आणि तिथे त्यानं त्या कंपनीचा चेहराच बदलला. जॉन लेननच्या हातातली छोटी ३२५ मॉडेलची गिटार त्याची. ४००० हा बेस त्याचा. चंद्रकोरीसारख्या शिंगांच्या रिकनबॅकर ज्या आपण फोटोवरून ओळखतो, त्या रेषा या माणसाच्या पेन्सिलीतून आलेल्या.

फेंडरमध्ये त्याच्या हाताखाली फिलिप क्युबिकी हा तरुण होता. दोघांनी मिळून १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनसाठी अख्खी शिसवी टेलिकास्टर बनवली. ३० जानेवारी १९६९ ला लंडनच्या गच्चीवर बीटल्स लोकांसमोर शेवटचे एकत्र वाजले तेव्हा हॅरिसनच्या गळ्यात तीच होती. म्हणजे पहिल्या दिवसांतल्या लेननची गिटार आणि शेवटच्या मैफलीतल्या हॅरिसनची गिटार, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या. वेगवेगळ्या कंपन्यांत! हे फार कमी लोकांच्या लक्षात आहे.

फेंडरमध्ये त्याला शेवटी मनासारखं काम मिळालं ते एलटीडी आणि मोंटेगो या कोरीव टॉपच्या जॅझ गिटारींत, म्हणजे बापाच्या धंद्यात. पण १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीनं १.३ कोटी डॉलरना फेंडर विकत घेतली होती, आणि अशा गिटारी त्यांना हव्याच कशाला? मोजक्या निघाल्या. पेठकर, दुर्मिळ फेंडर हव्यात तर या घ्या. रोसमाइझल पुढे जर्मनीला परतला आणि १९७९ मध्ये वारला.

माझ्या मते किंगमनमध्ये दोन माणसं भांडताना दिसतात. एकाला पेटी माहीत होती, दुसऱ्याला स्क्रू.

पेठकर

@बर्लिनवाला, एलटीडीचा मुद्दा बिनतोड. _/\_

रानजाई

शीर्षकात वाइल्डवुड आहे आणि अजून कुणी तिच्याबद्दल लिहिलंच नाही. मी गिटार वाजवत नाही, वनस्पतिशास्त्र शिकवते. जिवंत झाडात रंग टोचायचे असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का, की जाहिरातबाजी?

सहावी_तार

रानजाई, खरं आहे. डेन्मार्कमधली बीचची झाडं. उभ्या झाडाच्या बुंध्यात रंग सोडायचे, झाड रसाबरोबर तो वर खेचून घेणार, आणि मग तोडून पातळ पापुद्रे काढायचे. रंग लाकडाच्या रेघांच्या वाटेनंच चढत असल्यामुळे दोन पापुद्रे कधी सारखे नसतात. हिरवा, सोनेरी-तपकिरी, जांभळा, निळा अशा सहा रंगमेळांत यायच्या. १९६६-६७ ला बाजारात आल्या, अकूस्टिकमध्ये आणि कोरोनाडो नावाच्या पोकळ पेटीच्या इलेक्ट्रिकमध्येही. अकूस्टिकला टॉप स्प्रूसचाच, रंगीत बीच बाजूंना आणि पाठीला. त्यामुळे समोरून गिटार साधी दिसते आणि उलटी केली की मोरपिसारा.

१९६७ च्या 'क्लॅमबेक' चित्रपटात एल्व्हिसच्या हातात वाइल्डवुड आहे. त्याच आठवणीवर फेंडरनं हल्लीच्या काळात एल्व्हिसच्या नावाची किंगमन काढली.

रानजाई

धन्यवाद. पटण्यासारखं आहे. पाणी ज्या नलिकांतून वर चढतं त्यांतूनच रंग जाणार, म्हणजे सगळं लाकूड सारखं रंगणार नाही. आतला जुना, मृत गाभा कोरडा राहणार आणि बाहेरचं रसकाष्ठ रंगणार, पट्ट्यापट्ट्यांत. वर्गात पांढरी शेवंती शाईच्या पाण्यात ठेवून दाखवतो, तेच. बीचची निवडही विचार करून केलेली दिसते: लाकूड फिकट, आणि नलिका सगळ्या वर्षकड्यांत विखुरलेल्या.

मंद्रसप्तक

हा प्रतिसाद गिटारच्या कुठल्याही मासिकात मिळाला नसता.

जर्सीकर

उशिरा आलोय. इथे न्यू जर्सीत एक गृहस्थ घर आवरतायत, त्यांच्याकडे 'किंग' आहे. किंगमन नव्हे, हेडस्टॉकवर किंगच लिहिलंय. पाठ-बाजू गडद तपकिरी, महोगनी वाटत नाही. पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परततोय, तेव्हा तिला घेऊन जायचा विचार आहे. घ्यावी का? काय बघू?

लाकूडतोड्या

जर्सीकर, 'किंग' लिहिलेली म्हणजे १९६६ च्या आधीची. त्या मॉडेलला महोगनीशिवाय ब्राझिलियन शिसव, भारतीय शिसव, झेब्रावुड असे पर्याय मिळायचे. झेब्रावुड असतं तर पट्टे बघूनच कळलं असतं. म्हणजे बहुधा दोनपैकी एक शिसव. भारतीय असेल तर मजाच आहे: आपल्या सह्याद्रीत ज्याचे पलंग नि झोपाळे झाले त्याच जातीचं लाकूड कॅलिफोर्निया करून घरी येणार.

बघायच्या गोष्टी. आधी ब्रिजच्या मागे टॉपवर पट्टी आडवी ठेवून फुगवटा बघा. थोडा असतोच. पट्टी गलबतासारखी डोलली तर सोडून द्या. साउंडहोलमधून मोबाइल आत घालून फोटो काढा, सुटलेल्या ब्रेस दिसतात. बोटाच्या पेरानं टॉपवर टकटक करा. सुटलेली ब्रेस खुळखुळते. नळी हलत नाही ना बघा, ढिली असेल तर विशिष्ट स्वराला गुणगुणते आणि माणूस फ्रेटला दोष देत बसतो. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त असेल तर घाबरू नका, भाव पाडून घ्या. दुरुस्ती चकतीनं होते.

सहावी_तार

वय काढायचं तर नेक सोडवून तिच्या टोकाचा शिक्का बघा. उदाहरणार्थ '१६ ऑक्टोबर ६५ बी' असं काही दिसेल. अनेकजण याला सोळा तारीख समजतात. सुरुवातीचा आकडा नेकच्या प्रकाराचा असतो, तारखेचा नव्हे. महिना आणि वर्ष खरे. शेवटचं अक्षर नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) रुंदीचं: ए सगळ्यात अरुंद, बी म्हणजे नेहमीची एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, मग सी, डी. पाटीवरच्या क्रमांकावर फार विसंबू नका, पाट्या डब्यातून हाताला येतील तशा लावत.

शिक्का असलेली नेक याच पेटीची आहे का, हा प्रश्न मात्र उरतोच. नेका बदलता येतात हेच तर या गिटारीचं वैशिष्ट्य. स्क्रूची भोकं दोनदा पाडलेली दिसली तर समजून जा.

बर्लिनवाला

जर्सीकर, पैसे देण्याआधी लाकडाची जात नक्की करून घ्या. ब्राझिलियन शिसव १९९२ पासून साइटीसच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट १ मध्ये आहे. परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही, जुनी असो, स्वतःची असो. भारतीय शिसव २०१७ मध्ये परिशिष्ट २ मध्ये आलं होतं, तेव्हा वाद्यवाल्यांचे फार हाल झाले. २०१९ च्या अधिवेशनात तयार वाद्यांना सूट मिळाली.

आणि फक्त पाठ-बाजू बघून थांबू नका. १९६५-६६ पर्यंतच्या फेंडरच्या फिंगरबोर्डला (नेकवरच्या फळीला) बहुतेक ब्राझिलियनच वापरलेलं आहे. म्हणजे पाठ महोगनीची निघाली तरी नेकमुळे अडकू शकता. अमेरिका सोडायच्या बरंच आधी तिथल्या वन्यजीव खात्याकडे परवान्याचं विचारा. सामान बांधून झाल्यावर नव्हे.

खोडरबर

चार स्क्रू काढा, नेक मित्राकडे ठेवा, पेटी घेऊन या 😄

बर्लिनवाला

हसताय खरे, पण पेटी भारतीय शिसवाची निघाली तर हा सल्ला वाटतो तितका वेडगळ नाही. फक्त 'तयार वाद्य' म्हणून सूट आहे, आणि नेक नसलेली पेटी तयार वाद्य ठरते का, यावर कस्टम्सवाल्याशी वाद घालायला माझी छाती होणार नाही.

म्हापसेकर

पुण्याला जाताय ते बरं. इथे गोव्यात जूनपासून चार महिने माझ्या सगळ्या अकूस्टिकचे टॉप फुगतात, ॲक्शन वर चढते, ऑक्टोबरात पुन्हा खाली. किंग घेतलीत तर पावसाळ्यात केसमध्ये आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि त्या चार स्क्रूंना गंज लागू देऊ नका. गंजलेला स्क्रू जुन्या ठोकळ्यात तुटला तर त्या सोप्या नेकचा सगळा फायदा संपला. काढताना प्रत्येक स्क्रू आधी किंचित आवळायचा, मग उलटा फिरवायचा. आणि लावताना जुन्याच आट्यांत बसतोय ना ते हातानं चाचपून मगच पेचकस.

पेठकर

किती मागतायत पण?

जर्सीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. भाव अजून सांगितला नाही, 'फेंडर आहे, फेंडर आहे' एवढंच चालू आहे. शनिवारी पुन्हा जातोय. नेक काढू देतील का माहीत नाही.

पेठकर

फेंडर आहे म्हणून स्ट्रॅटचा भाव सांगतील. त्याच वर्षाच्या किंगचे विक्रीचे भाव छापून घेऊन जा, हातात ठेवा. आणि नेक काढू देत नसतील तर तेवढ्यासाठी भाव आणखी पाडा.

सहावी_तार

फोटो टाका. पाटी, हेडस्टॉक, साउंडहोलमधून नळी आणि पाठीचं लाकूड उन्हात, फ्लॅश न वापरता. फ्लॅशमध्ये सगळी शिसवं सारखीच दिसतात.